खंडेनवमीचा बसाल्ट

माझे चुलत सासरे ज्या रस्त्याने चालतात, त्या रस्त्यावरून त्यांच्यासोबत मान वर करून चालेल अशी सून अजून जन्माला यायची आहे. मी साताऱ्याकडची, बऱ्यापैकी धीट मुलगी. लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा माझी मान चांगली वर होती. आता ती बहुतेक वेळ खाली असते आणि चामराजपुरममधल्या बायका म्हणतात, त्या घरातली सून भारी मर्यादशील. मर्यादा कसली डोंबलाची! शेजारून चाललेला सत्तरीचा गृहस्थ नळासाठी खणलेल्या चरात धोतर खोचून उतरलेला असतो, वर उभ्या असलेल्या मजुरांना ‘इकडं फावडं मारू नका’ म्हणून दटावत असतो, आणि मी त्या गावची नसल्यासारखी समोरच्या दुकानात टांगलेल्या प्लास्टिकच्या बादल्या निरखत असते. एकदा तर ते चरातून मोठ्यांदा ओरडले, “अगं सूनबाई, ये ये, नोडी, बघ, नाइस लागला!” रस्त्यावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नाइस हे एका खडकाचं नाव आहे, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या, फार म्हाताऱ्या खडकाचं, हे त्या सगळ्या लोकांना कोण सांगणार होतं?

घरात त्यांना आम्ही चिक्कप्पा म्हणतो. कानडीत धाकट्या काकाला तसंच म्हणतात. या घराण्याचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाईगिरी करायला देशावरून आले. तेव्हापासून घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कानडी अशी मिसळलेली की सुरुवातीला मला निम्मं वाक्य कळायचं आणि निम्म्याला मी नुसती मान डोलवायची. चिक्कप्पा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मुलं कमी कमी होत गेली, विभाग बंद झाला, हे निवृत्त झाले. पण शिकवणं काही थांबलं नाही. कॉलेजात निदान तासाची घंटा तरी वाजायची. घरात घंटा फक्त देवापुढची, आणि ती वाजली की उलट त्यांना जोर येतो. लग्न त्यांनी केलं नाही. सासूबाई म्हणतात, कुठली बाई घरात रोज पिशवीभर धोंडे आणू देईल? पण खरं तर तेच धोंडे त्या झाडताना एकेक उचलून जागच्या जागी परत ठेवतात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर अर्ध्या चड्डीत होता आणि त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत पाठवलं ते यांनीच. म्हणून त्या त्यांना भावजी म्हणतात आणि लगेच अरे-तुरेवर येतात.

त्यांनी मला पहिल्यांदा लाज आणली ती लग्नाआधीच. मला पाहायला मंडळी आमच्या गावी आली होती. पोहे झाले, चहा झाला, मुलाला काय विचारायचं ते बाबांनी विचारलं, आणि मुलाचे काका कुठे गेले म्हणून शोधाशोध सुरू झाली. काका सापडले आमच्या परसात. धुण्याच्या दगडापाशी उकिडवे बसून ते दगड चाटत होते. हो, जिभेने. माझी आई पदर तोंडाला लावून आत पळाली. त्यावर ते अगदी शांतपणे उठले, जीभ पुसली आणि बाबांना म्हणाले, “ओला केल्याशिवाय कण नीट दिसत न्हाईत. पण इथं कणच न्हाईत. अप्पट, अस्सल बसाल्ट! मुलगी पसंत हाय.” बाबा शेतकरी माणूस, आयुष्यभर विहिरीसाठी सुरुंग लावून हाच काळा दगड फोडत आलेले. त्यांना हा सोयरा इतका आवडला की मला विचारायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. पुढे मी चिक्कप्पांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “पाचशे मैलांवरून सून आणायची तर खाली काय हाय ते बघायला नको? मुलं वर काय हाय ते बघतात, अष्टे, एवढंच!”

आमचा महाराष्ट्र मात्र त्यांच्या लेखी अगदीच पोरसवदा. पृथ्वीच्या पोटातून लाव्हा आला, थरावर थर सांडत गेला, गार झाला, त्याचे डोंगर झाले, ही साडेसहा कोटी वर्षांमागची गोष्ट. “म्हणजे काल परवाची,” ते म्हणतात. “तुमचा देश म्हणजे उतू गेलेलं सारू.” सारू म्हणजे इकडची पातळ आमटी. माझा सह्याद्री उतू गेलेली आमटी म्हटल्यावर मी उसळायची. मग ते समजूत घालत. म्हणत, इथला चामुंडीचा ग्रॅनाइटचा डोंगर ऐंशी कोटी वर्षांचा, आणि सभोवतालचा नाइस तर तीनशे कोटींचा, तेव्हा वडीलधाऱ्यांपुढे पोरांनी बोलू नये. चामुंडी चढताना बायका पायरी-पायरीला हळदकुंकू लावत जातात. चिक्कप्पा त्यांच्या मागून चढत सांगत जातात की बाई, हा डोंगर वर आला न्हाई, सभोवतालचं सगळं झिजून गेलं आणि हा राहिला. हळद लावायची तर त्याच्या राहण्याला लावा. एका बाईने त्यांनाच हळदकुंकू लावलं. ते तसेच बसमधून घरी आले, आणि शेजारच्या सीटवर मी होते.

लग्नमंडपांचा तर मी धसकाच घेतला होता. हल्ली सगळ्या मंगल कार्यालयांना गुळगुळीत ग्रॅनाइटची फरशी असते. वरुणा गावातल्या एका नातेवाइकांच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत हे भिंग काढून गुडघ्यांवर रांगायला लागले, कारण एका फरशीत त्यांना कुठलासा तांबडा दाणा दिसला. मागच्या रांगेतल्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याची अंगठी पडली. त्या खाली वाकल्या. त्यांना वाकलेलं पाहून आणखी चौघी वाकल्या. बघता बघता वधूकडचे आणि वरपक्षाचे मिळून अर्धा मंडप जमिनीवर आला, आणि भटजींनी अक्षता टाकायची खूण केली तेव्हा अक्षता टाकायला उभं कोणी नव्हतंच. शेवटी कुणाची तरी कानातली कुडी सापडली. ती हरवल्याचं तिच्या मालकिणीलाही ठाऊक नव्हतं, तिने चिक्कप्पांच्या पाया पडून आभार मानले. मी तोवर आचाऱ्यांच्या मागे जाऊन भांडी मोजायचं नाटक करत होते.

पण हेही सांगायला हवं की त्यांचं हे वेड कधी कधी भलत्याच ठिकाणी कामाला यायचं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा एकुलता मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला, तिथलाच झाला. बाई रडून रडून सुकल्या. चिक्कप्पांनी त्यांच्यापुढे सेट डोसा ठेवला. म्हणाले, हे गोंडवन. पूर्वी दक्षिणेकडचे सगळे खंड असेच एक होते. मग त्यांनी हलक्या हाताने तुकडे केले. हा आफ्रिका, हा अंटार्क्टिका, हा आपण, आणि आपल्याला चिकटून होता तो हा ऑस्ट्रेलिया. “तुमचा मुलगा परदेशी कुठं गेला? घराचाच एक तुकडा सरकलाय, त्याच्यावर बसलाय तो.” बाई हसल्या. मग चिक्कप्पांनी बोलता बोलता ऑस्ट्रेलिया चटणीत बुडवून खाल्ला आणि त्या पुन्हा रडायला लागल्या.

असा हा माणूस. दगडाच्या बाबतीत त्याला भीड नव्हती, आणि खोटं त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. यापायीच गेल्या दसऱ्याला आमच्या घरावर ती वेळ आली.

आमच्या देवघरात भैरोबा आहे. मूर्ती नव्हे, शेंदराने माखलेला, नारळाएवढा एक दगड. घराण्याची श्रद्धा अशी की मूळपुरुष साताऱ्याकडून निघाला तेव्हा त्याने गावच्या भैरोबाच्या पायाशी असलेला एक दगड शेल्यात बांधून घोड्यावरून इथवर आणला. इथल्या मराठी माणसाची एक अडचण असते. तो महाराष्ट्रात गेला की त्याच्या बोलण्याला लोक हसतात, इकडे आडनाव सांगितलं की लोक विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? अशा वेळी आमची मंडळी देवघराकडे बोट दाखवतात. तो दगड म्हणजे त्यांचं गाव. आणि त्या गावाची राखण सासूबाईंकडे. लग्न होऊन आल्यापासून त्याला रोजचं स्नान, दर अमावास्येला तेल-शेंदूर, सगळं त्यांनीच केलंय. ताप असला तरी त्या उठतात. म्हणतात, तो आपल्या माणसांबरोबर इतका लांब आला, त्याला पारोसा कसा ठेवू?

खंडेनवमीला शिपाईगिरीची आठवण म्हणून आमच्याकडे घरातली जुनी तलवार पुजतात आणि सगळी भावकी जमते. त्या वर्षी माझे बाबाही साताऱ्याहून आले होते. भावकीचे म्होरके म्हणजे मंडी मोहल्ल्यातले आजोबा, पांढऱ्या मिशांचे, नळ-खिळ्यांच्या दुकानाचे मालक, पण वागणं सुभेदाराचं. सासूबाई अभिषेक करत होत्या, आणि गरम पाण्याची धार पडता पडता पिढ्यांच्या शेंदराचं ते जाड कवच तडकलं आणि अख्खंच्या अख्खं निखळून ताम्हनात पडलं. देवाने कवच टाकलं म्हणून सगळ्यांनी हात जोडले. आमच्यापैकी कुणीच तो दगड उघडा पाहिलेला नव्हता. गुलाबी-करडा, अंगभर चकाकणारे कण. मी चिक्कप्पांचं धोतर धरायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. त्यांनी भिंग काढलंच. दगड अभिषेकाने ओला होता म्हणून जीभ लावली नाही. देवाने आमची लाज राखली ती तेवढीच.

“वैनी!” ते लहान मुलासारखे ओरडले. “अगं हा बसाल्ट न्हाईच! ग्रॅनाइट हाय! साताऱ्याचा कसला, हा तर इथलाच, चामुंडीचा!”

त्यांना केवढा आनंद झाला होता! आपला देव आपल्या लाडक्या डोंगराचा निघाला, हे ऐकून सगळे नाचतील असंच त्यांना वाटलं असणार. पण मंडी मोहल्ल्याच्या आजोबांनी घसा साफ केला. “म्हणजे आपण इतकी वर्षं सुम्ने, उगीच, रस्त्यावरचा कल्लु, धोंडा पुजला?” दुसरं कोणी म्हणालं, मूळचा देव हरवला असणार. तिसरीने हळूच विचारलं, पण देव होता कुणाच्या हातात? आणि सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. आजोबांनी निकाल दिला, हा कावेरीत सोडायचा, आणि सूनबाईच्या बाबांनी गावाकडून खरा दगड आणायचा. सासूबाईंनी ओल्या हातांनी देवावर देवघरातलं वस्त्र टाकलं, उघड्या लेकरावर पदर टाकावा तसं, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. माझ्या माहेरच्या माणसासमोर हे सगळं घडत होतं. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आधी चिक्कप्पांना आत घ्यावं.

मी त्यांना आत ओढत नेलं. सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. “वैनी,” ते म्हणाले, “चुकलं ग.”

“तू चुकतोस कुठं भावजी?” त्या न वळता म्हणाल्या. “दगडाचं तुला कळतं. मला एकच सांग. त्याला नदीत टाकला तर उद्या सकाळी उठून मी करू काय?”

चिक्कप्पांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहतेय, लाज नावाची गोष्ट त्यावर मी कधीच पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली, आणि ती पाहवली नाही. कान, गाल, टक्कल, सगळं लाल. ते मागे वळले आणि ताठ चालत बाहेर गेले. देवघराच्या उंबऱ्याला मुद्दाम अडखळले.

“थोरले,” ते आजोबांना म्हणाले, “घोटाळा झाला. डोळ्यांत मोतीबिंदू हाय माझ्या. कुणाला सांगितलं न्हाई, शरम वाटली. आता हातानं चाचपून बघतो.” त्यांनी वस्त्र बाजूला सारून देवावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाले, “बसाल्टच हाय. तेल आणि शेंदूर पिऊन पिऊन रंग बदललाय त्याचा.”

याहून अडाणी वाक्य भूगर्भशास्त्रात कोणी उच्चारलं नसेल. आजोबांच्या मिशा संशयाने हलल्या. ते माझ्याकडे वळले. “तू तिकडची, हौदा, हो ना? असला दगड असतो तुमच्याकडं?” मी बसाल्टवर कपडे आपटत मोठी झालेली मुलगी. तो गुलाबी दाणा मला दारातूनही दिसत होता. मी म्हटलं, “असतो.” माझा आवाज इतका बारीक निघाला की आजोबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी एकदा देवाकडे पाहिलं, एकदा चिक्कप्पांकडे, आणि टोपी सारखी करत म्हणाले, “असतोय की. आमच्या विहिरीतच लागलाय.” सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. देव नदीत सोडायचा उत्साह तसा कुणालाच नव्हता, आणि पंक्ती खोळंबल्या होत्या.

पण मोतीबिंदू निस्तरणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भावकीतला कोणी ना कोणी चिक्कप्पांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला दारात हजर. रस्ता ओलांडताना लोक हात धरायला लागले. ओळखीचे विद्यार्थी दगड घेऊन आले की ते म्हणायचे, “मला नका दाखवू, दिसत न्हाई.” भिंग कपाटात गेलं. नळाचे चर उघडे पडले होते, त्यांच्या कडेने हा माणूस समोर बघत सरळ चालत जायचा. मी त्यांच्या शेजारून मान वर करून चालू शकत होते आणि मला ते सहन होत नव्हतं. एकदा मी म्हटलं, चिक्कप्पा, तुम्ही चांगल्यासाठीच बोललात. ते म्हणाले, “माणसांचं सोड ग. त्या दगडाच्या अंगावर हात ठेवून खोटं बोललो. ऐंशी कोटी वर्षं त्यानं कुणाला फसवलं न्हाई.” सासूबाईंशी तर ते डोळा भिडवत नव्हते. ताट वाढलं की खाली बघून जेवायचे आणि उठायचे.

दिवाळी झाली. एका सकाळी घरात आम्ही तिघंच होतो. सासूबाईंनी देवघरातून हाक मारली, “भावजी, इकडं ये. कपाटातलं ते तुझं काचेचं घेऊन ये.” आम्ही दोघं गेलो. त्यांनी तेल लावून लावून नवा शेंदूर स्वतःच काढला होता. देव पाटावर ओला, उघडा होता.

“बघ,” त्या म्हणाल्या. “नीट बघून घे. मग मी शेंदूर लावते. बाहेर कुणाला सांगायचं न्हाई, पण मला सांग.”

चिक्कप्पा खाली बसले. भिंग डोळ्याशी धरलं. मग ते सांगायला लागले. हा गुलाबी कण फेल्डस्पार, हा काचेसारखा तो क्वार्ट्झ, हे काळे ठिपके अभ्रकाचे. हे सगळं जमिनीच्या पोटात खोल, सावकाश, थंड होत गेलं म्हणून कण इतके मोठे झाले. वरचं झिजत गेलं आणि डोंगर उघडा पडला. आपल्या कुणा पूर्वजाने गाव आठवून तिथला एक दगड उचलला असेल. सासूबाई हनुवटीखाली हात धरून ऐकत होत्या. या घरात चिक्कप्पांचं बोलणं कुणी पूर्ण ऐकल्याचं मी प्रथमच पाहत होते, आणि माझी मान आपोआप खाली गेली.

“म्हणजे हा आपल्या आधीपासून इथंच होता?” त्यांनी विचारलं.

“फार आधीपासून, वैनी.”

त्या देवाकडे बघत चिंतेने म्हणाल्या, “अय्यो! मग आपण येईपर्यंत याला आंघोळ कोण घालत होतं रे?”

चिक्कप्पांनी भिंग खाली ठेवलं. डोळे पुसले. “पाऊस, वैनी,” ते म्हणाले. “पाऊस घालत होता.”

सासूबाईंनी मान हलवली आणि शेंदराची वाटी पुढे ओढली.